दारातली गाडी

गिरिजा माईणकरला कोणी गाव विचारलं की ती सरळ "ओंगार" म्हणून सांगायची. विचारणारा मराठी असला तर हसायचा आणि म्हणायचा, "तसं नाही हो, मूळ गाव." मग तिचं डोकं फिरायचं. ती मिरजेत जन्मली हे खरं. पण मिरजेचं घर काकांच्या वाटणीला गेलं, मैत्रिणी लग्न करून पांगल्या, आणि लग्नानंतरची पुण्यातली वर्षं भाड्याची घरं बदलण्यात संपली. मग नवऱ्याला, दीनानाथला, आयर्लंडमध्ये, लिक्सलिपच्या संगणक-चिपांच्या कारखान्यात नोकरी लागली. डब्लिनच्या पश्चिमेला ओंगार नावाची नवी वसाहत उठत होती. अर्धी घरं उभी होती, उरलेल्या अर्ध्यांच्या जागी नुसता चिखल होता. तिथे त्यांनी घर घेतलं आणि पुढची अठरा वर्षं ते तिथे राहिले. योगिनी तिथेच मोठी झाली. समोरच्या हिरवळीवरच्या बर्चच्या झाडांतली तीन गिरिजाने स्वतः खड्डे खणून लावलेली. एवढं केल्यावरही ज्याला ते तिचं गाव वाटत नव्हतं, त्याच्याशी बोलण्यात तिला अर्थ वाटत नसे.

ते घर विकायचंही तिनेच ठरवलं. दीनानाथ साठीला कारखान्यातून बाहेर पडला. गिरिजा एका औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत होती, आणि त्या प्रयोगशाळेला खिडकी नव्हती. पांढरा झगा, टोपी, हातमोजे चढवून ती वर्षानुवर्षं गोळ्या किती वेळात विरघळतात ते बघत बसली. बाहेर ऊन आहे की पाऊस ते तिला जेवणाच्या सुट्टीत कळायचं. एका रविवारी भाजी चिरता चिरता ती नवऱ्याला म्हणाली, "उरलेलं आयुष्य मला खिडकीशी बसायचंय. आणि खिडकीतून दिसेल तेही बदलायला हवं."

दीनानाथला वाटलं, पडदे बदलायचेत.

वर्षभरात घर विकलं गेलं आणि एका जर्मन जोडप्याकडून त्यांनी कॅम्पर घेतली. जुनी, पण धडधाकट. मागे पलंग, मधे ओटा आणि दोन शेगड्या, कोपऱ्यात न्हाणीघर, छपरावर सोलरच्या पाट्या. स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. दीनानाथची नजर अधू होत चालली होती, म्हणून गाडी गिरिजाच चालवायची. थंडीत पोर्तुगाल, उन्हाळ्यात स्लोव्हेनियाचे डोंगर, मधे मन लागेल तिथे मुक्काम. रस्त्यावर भेटलेली माणसं त्यांना कुठून आलात एवढंच विचारत आणि किटलीतला चहा घेऊन बसत. त्या दोन वर्षांत गिरिजाला कोणाचा राग आला नव्हता, म्हणजे दीनानाथ सोडून.

एप्रिलमध्ये ते परत आले. दीनानाथच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती आणि योगिनीचे दिवस भरत आले होते. रॉसलेअरच्या बंदरात बोटीतून गाडी उतरवली तेव्हा पाऊस होता, क्लोनसिलाला पोचेपर्यंत ऊन पडलं. तिथल्या रेल्वेफाटकाशी गाडी थांबली आणि लोकल धडधडत गेली. गिरिजाचे डोळे उगीचच भरून आले. आता घरी आलो, असं तिला वाटलं.

योगिनी आणि तिचा नवरा जयेश ओंगारलाच राहायचे, जुन्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. घरात झोपायच्या खोल्या दोनच. त्यातली एक खोली जयेशच्या आईने, सुमेधाताईंनी घेतली होती. बाळंतपणासाठी त्या नाशिकहून आल्या होत्या. गिरिजाचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. आपलं घर आपण बरोबर आणलंय, असं म्हणून तिने घरासमोर रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि चहा टाकला.

पहिल्याच जेवणाला तिला काहीतरी वेगळं जाणवलं. सुमेधाताई लग्नात चांगल्या तोऱ्यात होत्या, आता त्या भलत्याच मऊ बोलत होत्या. दीनानाथच्या ताटात आग्रहाने तिसरी पोळी वाढली. गिरिजाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "होईल हो सगळं नीट. दिवस काय, असेच राहतात का?"

"कशाचे दिवस?" गिरिजाने विचारलं.

"आई, भात घे," योगिनी मधेच म्हणाली.

दोन-तीन दिवसांनी स्नेहलता आली. ही गिरिजाची ओंगारमधली सर्वांत जुनी मैत्रीण. दोघींनी मिळून मराठी मंडळाची दिवाळी उभी केली होती, एकमेकींच्या मुली शाळेतून आणल्या होत्या. गिरिजाने हौसेने तिला गाडी दाखवली. ओट्याखालचा फ्रीज, मसाल्यांची चुंबकावर चिकटणारी डबी, समोरची सीट उलटी फिरवली की होणारी बैठक. स्नेहलता बघत होती, पण कौतुकाने नाही. तिची नजर पलंगावरून, चादरीवरून, दीनानाथच्या स्वेटरवरून फिरत होती.

"अंघोळीचं कसं करता गं?"

"करतो. रोज."

"आणि थंडी?"

"हीटर आहे."

स्नेहलताने बरोबर आणलेला डबा ओट्यावर ठेवला, गिरिजाचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला आणि म्हणाली, "काही असलं तर सांगायचं. आपल्यात कसला संकोच?" गिरिजाला वाटलं, दोन वर्षांनी भेटली म्हणून हळवी झालीय.

मग ती पिशवी आली. सकाळी दूध आणायला गिरिजाने गाडीचं दार उघडलं तर पायरीशी एक मोठी काळी पिशवी, तोंड गाठ मारून बांधलेली. उघडली तर आत वापरलेली रजई, दोन कार्डिगन, एक पुरुषी कोट, सुपाचे डबे आणि गरम पाण्याची रबरी पिशवी. रजईला कपड्यांच्या कपाटाचा वास येत होता.

दीनानाथ म्हणाला, "कोणीतरी चुकून ठेवली असेल. टाकायला निघाले असतील."

"टाकायला निघालेला माणूस सुपाचे डबे घालतो?" गिरिजाने कोट उलटापालटा करून पाहिला. त्याची बटणं नव्याने लावलेली होती. कोणीतरी काळजीने लावली होती. तेच तिला सर्वांत जास्त लागलं. तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आयुष्यात तिने कधी कोणाकडे एक वाटी साखर मागितली तर परत करताना दोन दिल्या होत्या, आणि तिच्या दारात कोणी न विचारता, न बोलता जुने कपडे ठेवून गेलं होतं.

त्याच दुपारी डेक्लन आला. डेक्लन वसाहतीच्या रहिवासी समितीवर होता. जुन्या घराच्या वेळी तिसऱ्या दारात राहायचा. तो सुट्टीवर गेला की त्याच्या झाडांना पाणी गिरिजा घालायची, आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला तिचे बेसनलाडू आवडायचे. तो पायरीवर न चढता रस्त्यावरच उभा राहिला. आधी हवेबद्दल बोलला, मग दीनानाथच्या डोळ्याबद्दल. मग म्हणाला की हे अजिबात वैयक्तिक नाही, पण गाडी हलवली तर बरं. वसाहतीच्या ग्रुपवर लोक विचारत होते.

"काय विचारत होते?"

डेक्लनने बुटाने रस्त्यावरचा खडा सरकवला. "काहींना वाटलं, ट्रॅव्हलर्स आले."

ट्रॅव्हलर्स म्हणजे इथलाच, आयरिशच समाज, पिढ्यान्‌पिढ्या गाड्यांतून फिरणारा. त्यांचं नाव निघालं की चांगली शिकलीसवरलेली माणसं आवाज खाली आणतात. गिरिजाने अठरा वर्षांत ते खालच्या आवाजातलं बोलणं कितीदा ऐकलं होतं. आज पहिल्यांदा ते तिच्या गाडीकडे बोट दाखवत होतं.

"आणि आले असते तर?" तिने विचारलं.

"तसं नाही, गिरिजा. तुम्ही तर आमचेच आहात. तू एकदा ग्रुपवर सांगून टाक, की सगळं ग्रँड, एकदम ठीक."

"मी काय सांगायचं? की मी ती नाही, मी बरी आहे? मी नाही सांगणार. हा रस्ता कौन्सिलचा आहे, गाडीचा टॅक्स भरलाय, विमा आहे. त्या समोरच्या झाडांना खड्डे कोणी खणले ते तुझ्या ग्रुपवर विचार."

डेक्लन लाल झालेल्या कानांनी निघून गेला. संध्याकाळी जयेश आला. जयेश भला मुलगा, सॉफ्टवेअरमधला, भांडण दिसलं की खिशातून फोन काढणारा. तो म्हणाला, "आई, तुमचंच बरोबर आहे. पण रोज ग्रुपवर मेसेज येतायत. चार दिवस स्टेशनच्या पार्किंगमध्ये लावली तर? मी पास काढतो."

योगिनीच्या अवस्थेत घरात कटकट नको म्हणून गिरिजाने ऐकलं. दुसऱ्या दिवशी, दीनानाथच्या एका डोळ्यावर नुकतीच पट्टी चढलेली असताना, ती गाडी घेऊन गेली. पार्किंगच्या तोंडाशी लोखंडी कमान होती, दोन मीटरच्या वरची कुठलीच गाडी आत जाऊ नये म्हणून आडवा खांब टाकलेली. गिरिजाने ब्रेक दाबला. मागे गाड्यांची रांग लागली. ही कमान तिने हजारदा पाहिली होती, आपल्या लहान गाडीतून तिच्याखालून गेली होती, आणि ती कशासाठी आहे हा प्रश्न तिला पडला नव्हता. आता पडायची गरजच नव्हती. घर घेऊन फिरणाऱ्याने आत येऊ नये म्हणून ती होती. सुपरमार्केटला तीच, बागेला तीच, समुद्रकिनाऱ्यालाही तीच.

मागच्याने हॉर्न दिला. डब्लिनमध्ये लोक सहसा हॉर्न देत नाहीत. गिरिजा खाली उतरली, मागच्या प्रत्येक गाडीच्या खिडकीशी जाऊन शांतपणे मागे सरकायला सांगितलं, एक डोळा झाकलेल्या दीनानाथला मागे उभं करून हाताने खुणा करायला लावल्या आणि ती अजस्र गाडी उलटी बाहेर काढली. तिथून ती थेट योगिनीच्या दाराशी आली आणि आधी होती तिथेच गाडी लावली.

"आता ही गाडी मी जाईन तेव्हाच हलेल," ती म्हणाली.

"मी कुठे काय म्हणतोय?" दीनानाथ म्हणाला.

काळी पिशवी स्नेहलताची हे कोटावरून कळलं. दीनानाथलाच अचानक आठवलं की मंडळाच्या सहलीला स्नेहलताचा नवरा, विलास, हाच कोट घालून आला होता. शनिवारी दुपारी स्नेहलताकडे बायका भजनाला जमायच्या. गिरिजा पिशवी उचलून तिथे गेली. पेटी चालू होती. ती दारात उभी राहिली, आणि पेटी थांबली.

"हे तुझं माझ्या दारात राहिलं होतं," तिने पिशवी सतरंजीच्या कडेला ठेवली.

स्नेहलताचा चेहरा पडला. "अगं, बस तरी. मी चांगल्या मनाने ठेवलं होतं."

"चांगल्या मनाने ठेवलंस, तर पहाटे ठेवून पळून का गेलीस? दार वाजवायचं होतंस. मी तुझ्यासमोर बसून चहा प्यायले, सगळी गाडी दाखवली. तेव्हा नाही विचारता आलं, गिरिजा, तुला काय झालंय?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"आता बरं वाटलं मला?"

मग स्नेहलताच्या आवाजालाही धार आली. "मी माझ्या मनाने नाही केलेलं काही. तुमचं त्या नास गावातलं नवीन घर बिल्डरने अडकवलंय, पैसे गेले, म्हणून तुम्ही गाडीत राहताय, हे मला सुमेधाताईंनी सांगितलं. तुझ्याच विहिणीने. आणि त्यांना तुझ्या लेकीने."

गिरिजाला क्षणभर वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. नासला त्यांनी कधी पायसुद्धा टाकला नव्हता. ती तशीच वळून योगिनीच्या घराकडे निघाली. वाटेत तिला आठवत गेलं: सुमेधाताईंचा खांद्यावरचा हात, तिसरी पोळी, आई भात घे. सगळ्या वसाहतीने तिला बिचारी ठरवलं होतं आणि ते तिच्या पोटच्या पोरीने ठरवून दिलं होतं.

योगिनी स्वयंपाकघरात उभी होती, प्रेसमधून डबे काढत. कपाटाला ती लहानपणापासून इथल्यासारखं प्रेसच म्हणायची. सुमेधाताई वर झोपल्या होत्या.

"नासचं घर कधी होतंय?" गिरिजाने विचारलं.

योगिनीने डबा खाली ठेवला. ती खोटं बोलायला गेली नाही, एवढा प्रामाणिकपणा तिच्यात होता. "आई, लग्नाच्या वेळी त्यांनी आपलं घर बघितलेलं. मग विकलं म्हटल्यावर रोज विचारायच्या, का विकलं, कुठे राहतात. मी काय सांगणार होते?"

"खरं. आईबाबांना फिरायचं होतं, म्हणून विकलं. लाज वाटण्यासारखं काय आहे त्यात? चोरी केली आम्ही?"

"मला लाज नाही वाटत."

"मग? तुझ्यामुळे लोक माझ्या दारात जुने कपडे आणून टाकतायत, योगिनी. तुझ्या बाबांना कोणाचा तरी उतरलेला कोट."

योगिनीने दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली. इतका वेळ ती मराठीत बोलत होती. आता तिचं इंग्रजी सुटलं, इथल्या मुलींसारखं भरभर, शेवटाला सूर चढणारं. तुम्ही मला विचारलं नाहीत, ती म्हणाली. घर विकायची पाटी लावल्यावर सांगितलंत. ती माझी खोली होती. मग तिला शब्द सापडेना आणि ती परत मराठीवर आली. "माझ्या सगळ्या मैत्रिणी बाळंतपणाला आईकडे जातात नाहीतर आई येते. सासूबाई विचारतात, माहेरी कधी जाणार? मी कुठे जाऊ सांग. पोर्तुगालला, कोइंब्राला? तुला खिडकी हवी होती ते मला कळतं. पण माझं माहेर विकलंस तू, आणि मला साधं रागवायला पण मिळालं नाही, कारण तू इतकी खूश होतीस."

गिरिजाच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. मुली तिशीच्या झाल्या की त्यांनी आईबापांच्या विटा मोजू नयेत, हे आलं होतं. मी मिरज सोडली तेव्हा मला कोणी विचारलं, हेही आलं होतं. पण समोर मुलगी भरल्या दिवसांचं पोट घेऊन उभी होती, आणि तिचा राग आपल्या रागाइतकाच खरा आहे हे तिला दिसलं. ते दिसल्यामुळे तिचा राग कमी झाला असं नाही. उलट, आता तो ठेवायला जागा राहिली नाही म्हणून ती जास्तच चिडली.

"रागव ना मग," ती म्हणाली. "माझ्यावर रागव. दोन वर्षं फोनवर गोड बोललीस. त्यापेक्षा ओरडली असतीस तर मी ऐकलं असतं. बिल्डर कशाला मधे आणलास?"

"घाबरले होते."

"माझ्याशी बोलायला?"

योगिनीने होकारार्थी मान हलवली. गिरिजा खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "विहीणबाईंना तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

योगिनीने दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सांगितलं. दहा मिनिटांत गाडीचं दार वाजलं. सुमेधाताई पदर खोचून पायरीवर उभ्या होत्या, चेहरा लाल.

"रोज तुमच्यासाठी देवाजवळ दिवा लावत होते मी," त्या म्हणाल्या. "नाशिकला तीन बायकांना सांगितलंय तुमचं. आता त्यांना काय सांगू? मजेत आहेत म्हणून?"

"हो, तेच सांगा," गिरिजा म्हणाली.

"मला कोणी विचारतच नाही या घरात. कोणीही काहीही सांगायचं आणि मी आपली विश्वास ठेवत बसायचं." त्या आत शिरल्या, इकडेतिकडे पाहिलं, न्हाणीघराचं दार उघडून बंद केलं, फ्रीज उघडला. मग फिरवलेल्या सीटवर धपकन बसल्या आणि फुरंगटूनच म्हणाल्या, "चहा साखरेचा करा. गेले पंधरा दिवस तुमच्या जावयाने बिनसाखरेचा पाजलाय."

त्यानंतर त्या रोज दुपारी यायला लागल्या. गिरिजाशी त्यांचं फार जमलं असं नाही, पण पोर्तुगालचे फोटो त्यांनी दोनदा बघितले.

मे महिन्यात योगिनीला मुलगी झाली. घरी आल्यावर पहिले काही दिवस पाहुण्यांची रीघ लागली. एका दुपारी योगिनी बाळाला दुपट्यात गुंडाळून, पायात चपला सरकवून रस्ता ओलांडून आली. "जरा झोपू दे," एवढंच म्हणाली आणि मागच्या पलंगावर आडवी झाली. गिरिजाने पडदे ओढले, बाळाला मांडीवर घेतलं. दीनानाथ बाहेर खुर्ची टाकून बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून गप्प करत राहिला. त्यातल्या एकाला, डेक्लनला, त्याने इतक्या जरबेने गप्प केलं की तो पायांच्या बोटांवर चालत गेला. पुढे रोजच योगिनी यायची. बाळाची अंघोळ आणि मालिश सुमेधाताई घरात करत, पण दुपारची झोप गाडीत होई. ग्रुपवरचे मेसेज थांबले नाहीत. कोणीतरी कौन्सिलला कळवलं, एक बाई येऊन टायर आणि कागद बघून गेली, आणि काही चूक नाही म्हणून निघून गेली.

बारशाला स्नेहलता आली नाही. तिने चांदीचा वाळा जयेशच्या हाती पाठवला. गिरिजाने तो ठेवून घेतला, कारण तो बाळाचा होता, पण फोन केला नाही. अठरा वर्षांची मैत्री होती. सगळं ओरडून मोकळं झालं तरी तो शिवलेल्या बटणांचा कोट तिच्या मनातून जाईना. आपल्यावर कोणाची दया यावी इतकं आपण लहान आहोत, असं त्या मैत्रिणीला किती सहज वाटलं, ते ती विसरू शकली नाही.

जूनच्या शेवटी ते निघाले. दीनानाथला आता रस्त्यावरच्या पाट्या दुरून वाचता येत होत्या आणि तो प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होता. योगिनी बाळाला घेऊन फुटपाथवर उभी होती.

"परत कधी?" तिने विचारलं.

"ऑक्टोबरला."

"गाडी कुठे लावणार?"

"इथेच. तुझ्या दारात. तुला चालेल की नाही ते आत्ता सांग, नंतर सासूला सांगू नकोस."

योगिनी हसली, मग तिचे डोळे भरले, आणि ती म्हणाली, "लाव ना. डेक्लनला मी बघते."

रॉसलेअरच्या बंदराच्या वाटेवरचं एनिस्कॉर्थी गाव आलं. दीनानाथने शेवटी विचारलं, "अजून राग आहे का?"

"आहे," ती म्हणाली आणि समोरचा ट्रॅक्टर वळेपर्यंत थांबून गियर टाकला.